नवीन सिनेमा किंवा सिरीज जुन्या कॅननशी, म्हणजे आधीच्या अधिकृत कथेशी, जुळत नसेल तर साय-फाय फॅन्स ते कसं जुळवून घेतात?

सगळ्यात आवडती पद्धत म्हणजे कथेच्या आतूनच कारण शोधायचं. स्टार ट्रेकमधले क्लिंगॉन हे परग्रहवासी घ्या, 1966 ला सुरू झालेल्या मालिकेत त्यांची कपाळं आपल्यासारखी सपाट आणि 1979 च्या सिनेमात एकदम उंचवटे, खरं कारण काय तर मेकअपला पैसा जास्त मिळाला, पण फॅन्सनी वेगळ्या जमाती काय, रोग काय, वर्षानुवर्षं थिअऱ्या मांडल्या. 1996 च्या डीप स्पेस नाईन या ट्रेक मालिकेच्या एका एपिसोडमध्ये वॉर्फ या क्लिंगॉनला हेच विचारतात तर तो एवढंच म्हणतो की आम्ही बाहेरच्यांशी यावर बोलत नाही, आणि शेवटी 2005 मध्ये एंटरप्राइझ या दुसऱ्या ट्रेक मालिकेने व्हायरसचं कारण दिलं. मला तर ही शोधाशोधच जास्त आवडते.

दुसरा मार्ग वेगळ्या टाइमलाइनचा, म्हणजे नवी कथा वेगळ्याच समांतर काळात घडते असं धरायचं, 2009 च्या ट्रेक सिनेमाने तेच केलं.

स्टार वॉर्सचं मात्र वेगळं झालं, 2014 ला जुन्या कादंबऱ्या, कॉमिक्स वगैरे सगळं लेजंड्स म्हणून बाजूला काढलं आणि ते फॅन्सना फार लागलं, बरेच जण अजूनही तीच कथा खरी धरतात आणि असं स्वतःचं हेडकॅनन, म्हणजे आपल्यापुरती खरी मानलेली कथा, ठेवायला माझ्या मते काहीच हरकत नाही.