जुन्या विटांच्या भिंतीवर इन्सुलेटेड बोर्ड: चिकटवायच्या मसाल्याच्या नुसत्या गोळ्यांवर भागवू नका

नमस्कार. एरवी मी वाचून गुपचूप निघून जाते, पण भिंतीला आतून इन्सुलेटेड बोर्ड (मागे फोम असलेला प्लास्टरबोर्ड) लावण्याबद्दलचा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. इंग्लंडमधलं शंभर-सव्वाशे वर्षांचं टेरेस घर (एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं), नऊ इंची भरीव विटांची भिंत, मागची खोली हिवाळ्यात गारठलेली. बिल्डर म्हणतोय, "डॉट अँड डॅब, एका दिवसात उरकतो." म्हणजे भिंतीवर मसाल्याचे गोळे मारून त्यांवर शीट चिकटवायची. आणि खाली कोपऱ्यात जी ओल दिसतेय ती काय, बोर्डामागे झाकली जाईल! अहो, हे आमचंच घर झालं. फरक इतकाच की आमच्याकडे बिल्डर नव्हता, मी आणि नवरा होतो.

मी सर्व्हेअर नाही, बिल्डर तर नाहीच. एक घर केलंय आणि त्यातली एक भिंत दोनदा केलीय, तेवढाच माझा अधिकार. शीट कशी कापायची, ओळंब्यात कशी आणायची हे तुम्हाला येतं असं धरून चालते. ६२.५ मिमीची शीट म्हणजे ५० मिमी फोम आणि १२.५ मिमी बोर्ड. नऊ इंची भिंतीला ०.३० चा यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता निसटते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं) गाठायला ती जराशी कमी पडते, एवढं फक्त बघून ठेवा.

आता आमची चूक. अ‍ॅडहेसिव्ह कालवलं, भिंतीवर थापीने गोळे मारले, शीट दाबली, झालं. नऊ शीट दोन वीकेंडमध्ये. वरून प्लास्टरचा पातळ हात (स्किम) दिला, रंग दिला, फोटो गावाकडे पाठवले. खोली उबदारही वाटायला लागली, म्हणजे तशी आम्ही समजूत करून घेतली.

डिसेंबरमध्ये सासूबाई सांगलीहून आल्या. त्याच भिंतीवर फळी ठोकून देवघर मांडलं होतं. संध्याकाळी निरांजन लावलं की ज्योत सारखी एका बाजूला झुकायची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खिडकी उघडी राहिलीय का कुठे?" सगळ्या बंद होत्या. मग त्यांनी उदबत्ती घेतली आणि फळीखालच्या सॉकेटजवळ धरली. धूर सरळ वर जायचा तो आडवा, खोलीच्या आत ढकलला जात होता. हात लावला तर सॉकेटच्या फटीतून फ्रिज उघडल्यासारखा गार वारा. भिंत इन्सुलेट केली म्हणून मिरवत होतो आणि भिंतीच्या पोटातून वारा वाहत होता!

कारण साधं आहे. गोळ्यांमुळे शीट आणि विटांच्या मध्ये दहा-पंधरा मिलिमीटरची पोकळी राहते. जुन्या घरात लाकडी जमिनीखाली मोकळी जागा असते, बाहेरच्या जाळीदार विटांतून तिच्यात हवा खेळवलेली असते, कारण ती नसेल तर लाकूड कुजतं. ती हवा स्कर्टिंगमागून (भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीमागून) या पोकळीत शिरते आणि बोर्डामागे फिरत राहते. म्हणजे स्वेटर घातलाय, पण स्वेटर आणि अंग यांच्या मधून वारा जातोय. शिवाय खोलीतली दमट हवा, स्वयंपाकाची, कपडे वाळवल्याची, त्याच फटींतून मागे जाते आणि गार विटेवर तिचं पाणी होतं. भिंत आता आतून तापत नाही, त्यामुळे वीट पूर्वीपेक्षाही गार असते, हे लक्षात घ्या.

फेब्रुवारीत एक शीट उचकटली. मागे जुन्या वॉलपेपरचे तुकडे होते, आळसाने खरवडायचे राहिलेले, आणि त्यांच्यावर काळी बुरशी, मोहरी सांडल्यासारखी. वास तर विचारूच नका. उरलेल्या आठ शीटही काढल्या. एकही सलग निघाली नाही.

दुसऱ्या वेळी आधी भिंत वीट दिसेपर्यंत सोलली आणि पातळ गिलावा मारून भेगा, तुळयांच्या खोबणी बुजवल्या. मग प्रत्येक शीटच्या चारही कडांना अ‍ॅडहेसिव्हचा सलग पट्टा, कुठेही न तुटणारा. सॉकेटभोवती, खिडकीभोवतीही तसाच. गोळे फक्त मधल्या भागात. खालच्या फटीत कमी फुगणारा फोम. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडहेसिव्ह सुकल्यावर धातूचे हॅमर फिक्सिंग (हातोडीने ठोकून बसवायचे खिळे), शीट ओलांडून विटेत निदान ३५-४० मिमी जातील असे. फोमवाल्या शीटला ते लागतातच, कारण आग लागली तर नुसत्या चिकटवलेल्या शीटचा पुढचा भाग सुटून अंगावर येऊ शकतो. प्लास्टिकचे वापरू नका.

तुमचा बिल्डर पट्ट्याला "कोण करतं एवढं" म्हणाला तर दुसरा बिल्डर बघा. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

कागदपत्रांचं आमचं दुखणंही सांगते. सुरुवातीला काउन्सिलला फोन केला होता. पलीकडून उत्तर आलं की बोर्ड लावणं ही सजावट, कळवायची गरज नाही. फोन कोणी घेतला ते मी लिहून ठेवलं नाही, हा माझा मूर्खपणा. पुढे एक्स्टेंशनच्या वेळी त्याच ऑफिसातून विचारणा, या भिंतीचं सर्टिफिकेट कुठंय? खोलीतल्या बाहेरच्या भिंतीचं निम्म्याहून जास्त काम केलं तर बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या खात्याला, कळवावं लागतं म्हणे. मग रेग्युलरायझेशनचा, म्हणजे झालेलं काम मागाहून मंजूर करून घेण्याचा अर्ज, वेगळी फी, आणि बघायला म्हणून नव्या रंगवलेल्या भिंतीत भोक. साहेब आले, टॉर्च मारला, चार मिनिटांत गेले. भोक बुजवायला माझा रविवार गेला. तेव्हा जे विचारायचं ते ईमेलवर विचारा.

खिडकीच्या आतल्या बाजूच्या कडा उघड्या सोडू नका. तिथे पातळ शीट का होईना लावा, नाहीतर पहिल्याच थंडीत खिडकीभोवती काळी चौकट उमटते. वायरी फोममध्ये गाडण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. २.५ चौरस मिमीची जी केबल भिंतीवर उघडी असताना २७ अँपिअर पेलते, ती सगळीकडून इन्सुलेशनने वेढली की १३.५ वर येते. देवघर, टीव्ही, रेडिएटर कुठे येणार ते आधी ठरवा आणि तिथे प्लायवूड बसवून घ्या, नंतर फोममध्ये स्क्रू धरत नाही. आणि बिल्डरकडून साहित्यासह काम करून घेतलं तर इन्सुलेशनवर मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे. स्वतः शीट आणल्या तर २० टक्के. कोटेशनमध्ये त्याने व्हॅट लावलाय का बघा.

राहिली ती कोपऱ्यातली ओल. ती झाकायची नाही, काही झालं तरी. ओल थांबवायला भिंतीत रसायन टोचणाऱ्या इंजेक्शनवाल्यालाही इतक्यात बोलवू नका. आमच्याकडे बाहेर कोणीतरी फरशी चढवत चढवत ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घातलेल्या थराच्या) वर नेली होती. ती खाली घेतली, गटर साफ केलं आणि एक उन्हाळा भिंत तशीच उघडी ठेवली. तुमचाही थर बाहेरच्या जमिनीपासून १५० मिमी वर असायला हवा. बाहेरून त्याच कोपऱ्याचा, टेप धरून, एक फोटो टाका. पन्हाळीचा पाइपही त्यात येऊ द्या.