टीव्ही वर्गात आला, आता बाईंनी काय करावे?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत गेली 26 वर्षे शिकवते आहे. सध्या माझ्याकडे सहावीचे गणित आणि आठवीचे विज्ञान आहे. मागील वर्षी गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून शाळेला 43 इंची स्मार्ट टीव्ही आणि एक वापरलेला लॅपटॉप दिला. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचे उदाहरण हमखास निघते. ते ऐकून अभिमान वाटतो आणि पोटात गोळाही येतो. दोन महिन्यांपूर्वी मी धीर करून वायर जोडली, तर पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे. रिमोटशी माझी झटापट चालली असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, त्याने एक बटण दोनदा दाबले आणि चित्र आले. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून टीव्हीवर घातलेली चादर मी काढलेली नाही. त्याआधी एकदा मोबाइलवरून व्हिडिओ दाखवला होता, तेव्हा मुलांनी तो डोळे लावून बघितला, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर कोणालाच काही सांगता येईना. निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत. हा खटाटोप करावा का, आणि करायचाच तर सुरुवात कुठून करावी?
— एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बाई, आधी ‘नो सिग्नल’चा निकाल लावू, कारण तुमची निम्मी भीती त्या दोन शब्दांत आहे. टीव्हीच्या पाठीमागे वायर जोडण्याच्या दोन-तीन जागा असतात आणि टीव्ही एका वेळी त्यांतल्या एकीकडेच बघत असतो. तुम्ही वायर ‘एचडीएमआय 2’मध्ये लावली आणि तो ‘एचडीएमआय 1’कडे बघत बसला, तर सिग्नल नाही असेच तो म्हणणार. रिमोटवरचे ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ असे लिहिलेले बटण दाबून त्याला योग्य जागा दाखवायची, एवढेच त्या मुलाने केले. तरीही चित्र आले नाही, तर लॅपटॉपवर विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून धरावी आणि ‘पी’ दाबावे. जी यादी उघडते तीतून ‘डुप्लिकेट’ निवडले की लॅपटॉपवर दिसते तेच टीव्हीवर दिसू लागते. ही दोन वाक्ये कागदावर लिहून टीव्हीच्या पाठीला चिकटवून ठेवा. माझ्या वर्गातल्या प्रोजेक्टरला अशी चिठ्ठी मी निवृत्त होईपर्यंत चिकटलेली होती, आणि माझ्यानंतर आलेल्या तरुण शिक्षकांनीही ती काढली नाही असे ऐकतो.

त्या मुलाला तुम्ही त्याच दिवशी टीव्हीचा कारभारी नेमायला हवे होते. खडू आणायला, घंटा द्यायला आपण मुलांनाच पाठवतो, तेव्हा कोणाची अब्रू जात नाही. वायर जोडायला मुलाची मदत घेतली तर ती का जावी? फक्त ही कामगिरी आठवड्याच्या पाळीने द्या आणि पाळीत मुलींची नावे आवर्जून घाला, कारण मोकळे सोडले तर वायरीभोवती मुलांचेच कोंडाळे जमते आणि मुली लांबून बघत राहतात, हे मी कित्येक शाळांमध्ये पाहिले आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. टीव्हीवर काय काय दाखवता येईल याचा शोध घेत बसू नका. तुमच्या विषयात खडू नेमका कुठे थिटा पडतो ते आधी शोधा आणि तेवढ्यापुरतीच चादर काढा. सहावीच्या अपूर्णांकांसाठी तर टीव्हीला हातही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ हा चारापेक्षा मोठा, म्हणून एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, हा मुलांचा घोटाळा एक भाकरी मोडून जितक्या लवकर सुटतो तितका कोणत्याही पडद्यावर सुटत नाही.

आठवीच्या धाराविद्युतची गोष्ट मात्र वेगळी आहे. तारेतून वाहणारी धारा कोणालाच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याविषयी मुले (आणि मोठी माणसेही) मनात काहीतरी चित्र उभे करतातच. एका तारेत एकापुढे एक असे दोन दिवे जोडले तर पहिला दिवा थोडी वीज ‘खाऊन टाकतो’ आणि दुसऱ्याच्या वाट्याला कमी येते, ही समजूत फार चिवट आहे. फळ्यावर कितीही बाण काढले तरी ती हलत नाही.

या कामासाठी ‘फेट’ (PhET) हे संगणकावर प्रयोग करून बघण्याचे मोफत साधन वापरावे. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला आणि त्यातल्या अनेक आभासी प्रयोगांची मराठी रूपेही आता उपलब्ध आहेत. त्यातल्या परिपथ (सर्किट) जोडणीच्या प्रयोगात विद्युतघट, तारा, दिवे आणि कळ बोटाने ओढून हवे तसे जोडता येतात आणि तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन ठिपक्यांच्या रूपात दिसतात. गावात रेंज नसेल तरी अडत नाही, कारण हे प्रयोग एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात. तालुक्याच्या गावी जाल तेव्हा ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपवर ठेवा. मग ती इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावून मात्र उपयोग नाही, कारण टीव्ही त्यातले व्हिडिओ आणि फोटो दाखवतो, ही फाइल बहुधा उघडत नाही. त्यासाठी लॅपटॉपच मध्ये हवा.

तास कसा घ्यावा, तेही सांगतो. सुरुवात खऱ्या सेलने आणि टॉर्चच्या बल्बने करा, कारण हातात तार धरल्याशिवाय पडद्यावरची तार मुलांना खरी वाटत नाही. नंतर पडद्यावर एक घट आणि एक दिवा जोडा, पण दुसरा दिवा एकसर जोडणीत, म्हणजे त्याच तारेत पहिल्याच्या पुढे, लावण्याआधी थांबा आणि वहीत लिहायला सांगा : आता कोणता दिवा मंद होईल, पहिला, दुसरा की दोन्ही? प्रत्येकाने काहीतरी लिहिलेच पाहिजे, चुकले तरी चालेल. मग जोडा. दोन्ही दिवे सारखेच मंद होतात, आणि सर्व ठिपके, पहिल्या दिव्याच्या अलीकडचेही आणि पलीकडचेही, सारख्याच संथ गतीने सरकू लागतात. इथे वर्गात जी कुजबुज सुरू होते ती दोन मिनिटे चालू द्या, तिच्यात बोलू नका. शेवटी घटाची दोन टोके नुसत्या तारेने जोडून दाखवली की पडद्यावर ज्वाळा निघतात आणि मुले खूश होतात. घरात शॉर्ट सर्किट होते म्हणजे काय, हे सांगायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

तुमचा व्हिडिओ फुकट का गेला, त्याचे उत्तर या ‘थांबा आणि लिहा’मध्ये आहे. बालभारतीच्या पुस्तकांतील पाठांवर जे क्यूआर कोड छापलेले असतात, ते 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केले की त्या पाठाचे व्हिडिओ मिळतात आणि ते मोबाइलमध्ये उतरवूनही ठेवता येतात. हे साहित्य जरूर वापरावे, मात्र सहा मिनिटांचा व्हिडिओ सलग लावू नये. आदल्या रात्री स्वतः एकदा बघा, जिथे पुढे काय होणार असा प्रश्न पडतो ती एक-दोन ठिकाणे हेरून ठेवा आणि वर्गात तिथे तो थांबवून मुलांना बोलते करा. म्हणजे सहा मिनिटांना वीस मिनिटे लागतील, आणि ती लागू द्यावीत.

डिसले गुरुजींना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे आपणा सर्वांच्याच अभिमानाचे आहे. परंतु शिक्षण परिषदेत त्यांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांच्या कामातला साधेपणाही सांगायला हवा : पुस्तक मुलाच्या हातात आहेच, मग त्याच पानावर एक चौकोनी खूण छापून कविता किंवा व्हिडिओ त्याच्यापर्यंत का पोहोचवू नये, इतकी ती सरळ कल्पना होती. तुम्ही या सत्रात एक धाराविद्युत नीट करा. पुढच्या सत्रात आणखी एक पाठ घ्या. सहा वर्षांत बारा पाठ होतील, आणि ते मुळीच कमी नाहीत.

प्रश्न : मी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा चिखल होतो. आता सगळे पुन्हा शिकावे लागेल का?
— एक शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : थोडेसे. जुन्या फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच साठवतो आणि त्यांच्यावर मराठी रूप चढवतो, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सोंग उतरते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे हा गोंधळ होत नाही. त्यासाठी इनस्क्रिप्ट हा युनिकोडमध्ये मराठी टंकण्याचा कळफलक शिकावा. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना फक्त एक सवय मोडावी लागते. तिथे ऱ्हस्व वेलांटी आधी आणि रफार नंतर यायचा, इथे उच्चाराच्या क्रमाने टंकायचे, म्हणजे ‘विद्यार्थी’ लिहिताना आधी ‘व’ मग वेलांटी, आणि ‘थी’च्या आधी ‘र’ व हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह). रोज पंधरा मिनिटे सराव केला तर महिन्याभरात हात बसतो. तोवर मोबाइलवर बोलून टंकायची सोय वापरण्यास हरकत नाही, मात्र छापण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा, कारण मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक ऐकू येत नाही, आणि 5 सप्टेंबरच्या सूचनेत ‘शिक्षक दीन’ असे छापून गेलेले मी स्वतः सूचना फलकावर वाचले आहे.