कंबरदुखीवर क्रॅटमची पावडर घ्यावी का, आणि ती भारतात चालते का?

तुम्ही लिहिलंय की कंबरदुखीसाठी रात्री ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी घेता, आणि ह्यूस्टनचा भाचा सिंगापूरमार्गे येताना क्रॅटमची पावडर आणणार आहे. 'कॉफीच्या कुळातलं झाड आहे मामा, आयुर्वेदिकच समजा,' असं तो म्हणतो. मी अमेरिकेत फार्मसिस्ट आहे. ही पावडर घेणारी माणसं आठवड्याला एखाद-दुसरं तरी काउंटरवर येतात, म्हणून उत्तर देतोय.

कॉफीचं कूळ हे खरं. आपल्या कळंबाच्या झाडाचं तर ते जवळचं भावंड, दोघांच्याही शास्त्रीय नावातला पहिला शब्द मित्रागायना. पण म्हणून कळंबाची पानं ओरबाडू नका, क्रॅटममधलं काम करणारं मित्राजायनीन त्यात नसतं. आयुर्वेदाशी मात्र याचा काही संबंध नाही. झाड थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाकडच्या दमट जंगलातलं. दक्षिण थायलंडमध्ये रबराच्या मळ्यातले मजूर, कोळी याचं ताजं पान घेतात, मधली शीर काढतात, चिमूटभर मीठ लावून चघळतात आणि चोथा थुंकतात. आपल्याकडे उन्हात राबणारा माणूस तंबाखू मळतो ना, तसंच. थोडं घेतलं की तरतरी येते आणि उन्हाचा शीण कळत नाही. जास्त घेतलं की ग्लानी येते, दुखणं बधिर होतं.

तेव्हा फायदा होतो का, तर होतो. लोक खोटं बोलत नाहीत. मात्र तो का होतो हे दुकानदार सांगत नाही. मित्राजायनीन मेंदूत जिथे अफू आणि मॉर्फीन जाऊन बसतात तिथेच बसतं. पूर्ण जोरानं नाही, अर्धवट, त्यामुळे श्वास मंदावण्याचा धोका कमी असावा असं संशोधकांना वाटतं. पण रोज घेतलं तर सवय लागते. छपरं घालणारा एक गिऱ्हाईक मला सांगत होता, पावडर बंद केल्यावर चार रात्री झोप नाही, पाय स्थिर राहीनात, नाक गळत होतं. अफू सोडणाऱ्याची लक्षणं अशीच असतात. त्यावर बद्धकोष्ठ, मळमळ, आणि काहींना यकृताला सूज येऊन कावीळ. कंबरदुखीवर किती मात्रा, किती दिवस, हे ठरवून देणाऱ्या नीट चाचण्या माणसांवर झालेल्याच नाहीत.

शिवाय पान वेगळं आणि पाकीट वेगळं. अमेरिकेत ही पूड पेट्रोल पंपावरच्या दुकानात लायटर आणि च्युइंगगमशेजारी मिळते. २०१८ साली क्रॅटममधून साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू पसरून ४१ राज्यांत १९९ माणसं आजारी पडली होती. आता त्याहून वाईट म्हणजे 'सेव्हन ओएच'च्या गोळ्या. पानात नावापुरता असणारा हा घटक वेगळा काढून, वाढवून विकतात आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो मॉर्फीनहून जबर ठरलाय. थाई मजुराच्या पानाचा दाखला देऊन ही गोळी विकणं म्हणजे ताडीच्या नावावर स्पिरिट पाजणं.

कायद्याचं सांगतो. गंमत म्हणजे थायलंडनंच १९४३ मध्ये यावर बंदी घातली होती. अफूच्या करावर सरकारची कमाई होती, अफू महागली तसे लोक या पानाकडे वळले. ती बंदी थेट ऑगस्ट २०२१ मध्ये उठली. अमेरिकेत २०१६ साली डीईएनं, म्हणजे अमली पदार्थ रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, बंदीची घोषणा केली, लोकांनी एवढी ओरड केली की दीड-दोन महिन्यांत मागे घेतली. अमेरिकेत अजून देशभर बंदी नाही, अलाबामा, इंडियाना, विस्कॉन्सिन अशा काही राज्यांत आहे. पण एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, औषध म्हणून किंवा पूरक आहार म्हणूनही मान्यता दिलेली नाही. भारतात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत क्रॅटमचं नाव नाही. ऑनलाइन विकणारे त्यालाच 'लीगल' म्हणतात. यादीत नाव नसणं म्हणजे मंजुरी नव्हे. औषध म्हणून ते भारतातही मंजूर नाही.

आता तुमच्यापुरतं. स्वीडनमध्ये 'क्रिप्टॉन' नावाची एक पूड विकली जायची. तिच्यात क्रॅटम होतं आणि ट्रॅमाडॉल शरीरात गेल्यावर ज्यात बदलतं ते रसायन मिसळलेलं होतं. वर्षभराच्या आत नऊ माणसं गेली. तुम्ही रात्री ट्रॅमाडॉल घेऊन वर क्रॅटम घेतलंत, तर तेच मिश्रण घरी तयार कराल. ट्रॅमाडॉलनं एरवीही फिट येऊ शकते, त्यात ही भर. आणि पावडर घ्यायची म्हणून ट्रॅमाडॉल मनानं एकदम बंदही करू नका, त्याचेही हाल होतात. ते कमी करायचं असेल तर ज्यांनी लिहून दिलं त्या डॉक्टरांनाच विचारा, हळूहळू उतरवतात.

भाच्याला मात्र आजच फोन करा. सिंगापूरच्या अमली पदार्थांच्या कायद्यात क्रॅटम आहे. विमान बदलताना त्याच्या बॅगेत ती पूड सापडली, तर 'मामांच्या कंबरेसाठी आहे' हे तिथे कोणी ऐकून घेणार नाही. बॅग भरायच्या आधी कळवा.