छातीवर बसणारी बाई आणि पाण्याची वेळ

"मॅडम, अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. घर सोडू का?" सल्ल्यासाठी आलेल्या आईंचा पहिला प्रश्न हा होता. शेजारी बसलेली मुलगी तेवीस वर्षांची, ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये रात्रपाळीला जाणारी. कळव्यात भाड्याचं वन रूम किचन. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

दोन महिन्यांपासून तिला झोपेत जाग यायची. डोळे उघडे, पंखा फिरताना दिसतोय, बाहेरचा भाजीवाला ऐकू येतोय, पण बोटही हलत नाही. दाराशी कुणीतरी उभं असतं. मग ती बाई जवळ येते, छातीवर बसते, श्वास कोंडतो. ओरडावं तर घशातून फक्त घुसमटलेला आवाज. शेजारच्या आजींनी सांगितलं, या खोलीत पूर्वी एक म्हातारी गेली होती. आईंनी दृष्ट काढली, गादीखाली विळा ठेवला. मुलीनं मोबाइलवर शोधलं, तर 'स्लीप पॅरालिसिस', म्हणजे झोपेतला लकवा, हा शब्द सापडला आणि भीती दुप्पट झाली. तिच्या आजोबांना अर्धांगवायू झाला होता.

ही तक्रार घेऊन येणारे बहुतेकजण आधी महिनोन्‌महिने गप्प बसलेले असतात. एक तर लोक वेड लागलं म्हणतील, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणतील. म्हणून पहिलं वाक्य ठरलेलं: तुला दिसतं ते खरंच दिसतं, तू काही रचून सांगत नाहीस. "मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष कर" असं म्हटलं की माणूस तिथेच मिटतो.

त्यानंतर काही प्रश्न विचारावेच लागतात. काम करताना, जेवताना आवरता न येणारी झोप येते का? खळखळून हसताना गुडघे लटपटतात, जबडा सैल पडतो का? घोरताना श्वास अडकतो का? जीभ चावली जाणं, अंथरूण ओलं होणं? जाग आल्यावरही हातापायांतली कमजोरी तासन्‌तास राहते का? ती बाई दिवसा, पूर्ण जागेपणी दिसते किंवा बोलते का? मानसिक आजाराची एखादी गोळी अचानक बंद केली का? तिच्याकडून सगळ्याला 'नाही' आलं. फक्त दिवसभर झापड असते म्हणाली. त्याचा खुलासा पुढे झाला.

मग कागदावर आकृती काढून समजावलं. १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी झोपेचा असा टप्पा नोंदवला, ज्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात. हीच रेम झोप. ठसठशीत स्वप्नं बहुतेक इथलीच. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं, आणि रेमचा वाटा पहाटेकडे वाढत जातो. या टप्प्यात मेंदूचा देठ शरीराचे स्नायू सैल सोडून देतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखर उठून पळेल. स्लीप पॅरालिसिसमध्ये एवढंच घडतं: जाग आधी येते, स्नायूंचं कुलूप मागाहून उघडतं. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. अर्धांगवायूशी याचा काही संबंध नाही. तिथे मेंदूतला रक्तपुरवठा बिघडलेला असतो, इथे मेंदू आपलं रोजचंच काम चुकीच्या वेळी करतो.

छातीवरचं ओझं कुठून येतं? रेममध्ये बरगड्यांचे स्नायूही ढिले असतात आणि श्वास मुख्यतः श्वासपटलावर चालतो, उथळ आणि अनियमित. जाग आल्यावर माणूस मुद्दाम खोल श्वास ओढू पाहतो, छाती ऐकत नाही, आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो: कुणीतरी दाबतंय. श्वास मात्र चालूच असतो. स्वप्न अजून पुरतं विझलेलं नसतं, धोका हुंगणारी यंत्रणा टक्क जागी झालेली असते, मग दारातल्या सावलीला चेहरा मिळतो. चेहरा ज्याच्या त्याच्या गावचा. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये 'ओल्ड हॅग' म्हातारी, जपानमध्ये 'कानाशिबारी', आपल्याकडे हडळ किंवा मुंजा. हेन्री फ्यूजेलीनं १७८१ साली झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेला दैत्य रंगवला, ते चित्र मुलीनं बराच वेळ पाहिलं. "म्हणजे कळव्याच्या खोलीचा प्रश्न नाही," ती म्हणाली. २०११ च्या एका आढाव्यात सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांना आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचं दिसलं, हेही तिला सांगितलं.

पण खरी किल्ली मिळाली ती चौदा दिवसांच्या झोपेच्या डायरीत. रकाने साधे: अंथरुणात कधी, झोप अंदाजे कधी, मधली जाग आणि तिचं कारण, शेवटचा चहा, कुठल्या कुशीवर, आणि 'ती' आली का.

कॅब तिला सकाळी सातला सोडायची. साडेसातला झोप. दहाला पाणी येतं, म्हणून ती उठायची, पिंप आणि हंडे भरायला जवळजवळ एक तास, अकराला परत आडवी. चौदा दिवसांत पाच प्रसंग, त्यातले चार अकरानंतरच्या झोपेत, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, उताणी असताना. पाचवा सुटीच्या रात्री. एकूण झोप जेमतेम पाच तास. दिवसभराची झापड म्हणजे याच झोपेची थकबाकी.

१९९२ मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत जवळपास हेच मुद्दाम करून पाहिलं होतं. झोपलेल्यांना उठवायचं, तासभर जागं ठेवायचं, पुन्हा झोपू द्यायचं. काहीजण मधल्या पायऱ्या गाळून थेट रेममध्ये शिरले, आणि पॅरालिसिसचे प्रसंग अशाच झोपेतून आले. शिवाय शरीराच्या घड्याळानुसार सकाळ ही रेमचीच वेळ. रात्रपाळी, अपुरी झोप, मधोमध तासाची जाग आणि उताणं पडणं, हे सगळं एकाच खोलीत जमून आलं होतं.

त्यामुळे पहिली सूचना पाण्याची. कॉलेजला दुपारी जाणारा धाकटा भाऊ पाणी भरेल, आणि तिला उठवायचं नाही. आईंना हे फार किरकोळ वाटलं. आमच्या मते सगळ्या उपायांत हा एक सोडून बाकीचे दुय्यम होते.

बाकी असे: पहाटे साडेपाचला टपरीवर होणारे दोन कटिंग बंद, शेवटचा चहा रात्री एकच्या आत, कारण घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनंतरही रक्तात असतं. कॅबमध्ये काळा गॉगल, खिडकीला जाड पडदा, पाठीशी लोड लावून कुशीवर झोप. साडेसात ते दीड एकसंध. सुटीच्या दिवशीही सकाळी आठ ते बाराचे चार तास झोपेचेच, म्हणजे घड्याळ दर आठवड्याला उलटंपालटं होत नाही. हे शेवटचं तिला सर्वांत जड गेलं. घरी पाहुणे येतात, मैत्रिणी बोलावतात, आणि दुसऱ्या आठवड्यात तिनं सुटीला ते मोडलं. पहाटे तीनला झोपली आणि प्रसंग आलाच.

प्रत्यक्ष त्या क्षणी काय करायचं? यासाठी झोपेचे संशोधक बालंद जलाल यांनी २०१६ साली मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत शिकवली. एक, मनाशी म्हणायचं, 'हे रेमचं कुलूप आहे, आपोआप सुटेल.' दोन, 'यात जीवाला धोका नाही, म्हणून घाबरायचं कारणही नाही.' तीन, सावलीवरून लक्ष काढून आत न्यायचं, मनाला जवळच्या एका गोष्टीवर. तिनं लहानपणी पाठ झालेलं स्तोत्र निवडलं. चार, अंग सैल सोडायचं, हलायची धडपड नाही, श्वासाला जबरदस्ती नाही. धडपडीनं हालचाल येत नाही, घुसमट मात्र वाढते, आणि घुसमटीतून भीती. पाठांतर जागेपणी करावं लागतं. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं उताणं पडून, तो प्रसंग चालू आहे असं समजून. ऐन वेळी नवं काही सुचत नाही.

प्रसंग सुटला की लगेच डोळे मिटायचे नाहीत, नाहीतर माणूस पुन्हा त्याच रेममध्ये घसरतो. उठून बसायचं, तोंडावर पाणी, पाच मिनिटांनी कुशीवर. आईंनाही काम दिलं. ती कण्हत असेल तर खांद्याला हात लावून नावानं हाक मारायची. बहुतेकदा स्पर्शानं कुलूप लगेच उघडतं.

अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ किंवा झोपेच्या डॉक्टरांकडे आधी कुणाला पाठवायचं? वरच्या प्रश्नांपैकी एकालाही 'हो' असेल त्याला. हसताना गुडघे लटपटणं आणि दिवसा आवरता न येणारी झोप या जोडीत नार्कोलेप्सीचा, म्हणजे झोप-जागेचं नियंत्रण बिघडणाऱ्या मेंदूच्या आजाराचा, संशय घ्यावा लागतो. त्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतरानं छोट्या डुलक्यांची चाचणी होते. भीतीमुळे झोपच टाळली जात असेल, किंवा जुना आघात पुन्हा पुन्हा दिसत असेल, तरीही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो.

चौथ्या आठवड्याच्या डायरीत एकच प्रसंग. बाई दारातच उभी राहिली, जवळ आली नाही, स्तोत्राची चौथी ओळ येईपर्यंत बोटं हलली. घराचा करार पुढे वाढवला. आईंनी विचारलं, विळा काढू का? ठेवा म्हटलं, फक्त पात्याला कापड गुंडाळा, झोपेत हात लागायचा. जूनमध्ये तिची पाळी बदलणार आहे. घड्याळ सरकेल त्या पहिल्या आठ-दहा दिवसांत पुन्हा एखादा प्रसंग येऊ शकतो, म्हणून तेवढ्यापुरती डायरी परत सुरू करायची, असं ठरलंय.