चंफाईला निघण्यापूर्वी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. मिझोराममधल्या चंफाईला जाऊन म्यानमारच्या चिन निर्वासितांच्या जबान्या नोंदवायचं तू ठरवलंच आहेस, तेव्हा जावं की नाही यावर मी बोलत नाही. ‘म्यानमारच्या सेनाधिकाऱ्यांना कुठलं कोर्ट विचारणार आहे? मग या नोंदी कुणासाठी?’ एवढ्याच प्रश्नाबद्दल लिहितो.

अर्जेंटिनात २४ मार्च १९७६ ला लष्करानं सत्ता घेतली. ब्युनॉस आयर्समधल्या नौदलाच्या यांत्रिकी शाळेत छुपा छळतळ होता. तिथे १९७९ साली व्हिक्टर बास्तेरा नावाच्या छपाई कामगाराला डांबलं. हातात कसब होतं, म्हणून अधिकाऱ्यांची खोटी ओळखपत्रं त्याच्याकडून बनवून घेत. प्रत्येकाच्या फोटोच्या चार प्रती लागायच्या. हा पाच काढायचा. पाचवी प्रत फोटोपेपरच्या खोक्यात ठेवायचा. तो कागद उजेडात खराब होतो, त्यामुळे ते खोकं उघडायला पहारेकरी धजत नसत. पुढे थोडं बाहेर जाऊ देऊ लागले, तेव्हा त्यानं एकेक फोटो बाहेर काढला. ते दाखवायला त्या वेळी एकही न्यायालय नव्हतं. सत्ता सोडताना लष्करानं आपली कागदपत्रं नष्ट करायचा हुकूम काढला, पण या पाचव्या प्रतीची त्यांना खबर नव्हती. १९८५ साली सत्ताधारी सेनानींवर खटला चालला, आठशेहून अधिक साक्षीदार झाले, त्यांत बास्तेरा होता आणि त्याचे फोटोही.

आता तुझ्या कामाचं. तू पाठवलेल्या नमुना जबानीत ‘अमानुष’ हा शब्द चारदा आलाय. काढून टाक. बूट कुठल्या रंगाचे होते, गणवेशावर पट्टी होती का, ट्रक कुठल्या बाजूनं आला, हे विचार. साक्षीदारानं स्वतः पाहिलेलं वेगळं लिही, ऐकीव वेगळं. ‘सैनिकांनी मारलं ना?’ असं तोंडात उत्तर घालणारं विचारू नकोस. ‘मग काय झालं?’ एवढं पुरे. आणि माणसाला जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच लिही. उलटतपासणीत अशीच जबानी टिकते, हे मी आयुष्यभर पाहत आलोय.

क्षुल्लक वाटणारं तर मुळीच गाळू नकोस. ब्युनॉस आयर्समधलाच ‘क्लब अॅटलेटिको’ हा छळतळ पोलिसांच्या एका इमारतीच्या तळघरात होता. तिथून वाचलेल्यांचे डोळे बांधलेले असायचे, त्यामुळे त्यांच्याकडे आवाजच होते. पहारेकरी पिंगपाँग खेळायचे, चेंडू टेबलावर आपटताना ऐकू यायचा, असं ते सांगत. इमारत पाडून वरून महामार्ग नेला होता. २००२ नंतर पुराखनन झालं, त्यात पिंगपाँगचा चेंडू सापडला. जबानी घेणारा ‘हे कशाला?’ म्हणाला असता, तर तो चेंडू नुसता कचरा ठरला असता.

चिलीचं थोडक्यात. लष्करशहा पिनोशेच्या काळात चर्चच्या आश्रयानं काम करणाऱ्या वकिलांनी हजारो हेबियस कॉर्पस अर्ज (‘पकडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा’ असे) केले आणि कोर्टांनी ते जवळजवळ सगळे फेटाळले. (त्याच १९७६ मध्ये, आणीबाणीत, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जबलपूर खटल्यात असा अर्ज करायचा हक्कच नाकारला, ते तुला पाठ आहेच. आपल्याकडे लष्कर नव्हतं, म्हणून फार ताठ मानेनं बोलायला नको.) पण फेटाळलेल्या अर्जावरही नाव, तारीख आणि नेल्याची जागा असतेच. लोकशाही आल्यावर सत्यशोधन आयोगाला त्याच फायली कामाला आल्या.

सगळ्यात जास्त धास्ती मला तुझ्या वहीची वाटते. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तुझ्यासमोर बसणाऱ्या बाईला इथे कायद्याचं भक्कम छत्र नाही आणि तिचे आईवडील अजून पलीकडे आहेत. नावं आणि जबान्या एका वहीत, एका फोनमध्ये ठेवायच्या नाहीत. नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकांची यादी दुसरीकडे. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की वेळेची-जागेची माहिती गळते. मूळ फाइल तशीच जपायची. आधी कुणी जबानी घेतली आहे का, हे पहिलं विचार. चार संस्थांनी चारदा विचारलं की चार तपशील बदलतात, शिवाय त्या माणसाला ते पुन्हा भोगावं लागतं. घेतली असेल तर चहा पिऊन उठ.

आणि न्यायाची घाई असेल तर या कामात पडू नकोस. १९८५ च्या त्या खटल्यात नऊपैकी पाच जण दोषी ठरले. राष्ट्राध्यक्षांनी १९९० मध्ये त्यांना माफी दिली. लष्करी अधिकाऱ्यांना अभय देणारे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये घटनाबाह्य ठरवले, खटले पुन्हा उभे राहिले. पहिला लष्करशहा व्हिदेला २०१३ साली तुरुंगातच मेला. दरम्यान लष्करानं गायब केलेल्या मुलांच्या कितीतरी आया वाट पाहत गेल्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तरही तिथूनच आलंय. रोहिंग्यांची तक्रार अर्जेंटिनाच्याच न्यायालयानं वैश्विक अधिकारक्षेत्राच्या तत्त्वावर (असा गुन्हा कुठेही घडो, दुसऱ्या देशाचं कोर्टही तो चालवू शकतं) २०२१ मध्ये चौकशीला घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये म्यानमारची सत्ता बळकावणारा सेनापती मिन आँग हलाईंग याच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. त्याला कुणी पकडेल का, ते सांगता येत नाही. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची म्यानमारसाठीची चौकशी यंत्रणाही पुरावे जमवते आहे. ते कुठल्या स्वरूपात घेतात, हे त्यांना आधीच लिहून विचार.

संमतीपत्राचा मसुदा छापण्याआधी मला पाठव. चिन राज्यातल्या थांतलांगचे लोक भेटणार असतील तर दुभाषा त्यांची हाखा भाषा जाणणारा हवा, आणि तो त्यांच्याच गावचा नको.

तुझे,
सर