हजेरी शून्य टक्के

"व्हिडिओ बघताना सगळं कळतं. तो बंद करून कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. मला कोडिंग जमणार नाही बहुतेक. कोर्स बदलू का?"

ॲप्लिकेशन डेव्हलपमेंटच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची, दुसऱ्या सेमिस्टरमधली विद्यार्थिनी समुपदेशनासाठी आली होती. सोबत वडील. थिअरीत बरे गुण, प्रॅक्टिकलला काठावर पास. वडिलांना पडलेलं कोडं वेगळंच होतं: रोज चार-चार तास लॅपटॉपसमोर बसते, मग घोडं अडतंय कुठे? (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या वर्षाच्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. त्याला पहिल्या भेटीत हो किंवा नाही म्हणणं घाईचं ठरतं. कल चाचणी वगैरे नंतर. आधी मूल प्रत्यक्ष काम कसं करतं ते बघावं लागतं. म्हणून पुढच्या वेळी लॅपटॉप आणि अडलेली असाइनमेंट घेऊन यायला सांगितलं.

असाइनमेंट साधी होती. झालेले तास आणि हजर राहिलेले तास घ्यायचे, हजेरीची टक्केवारी दाखवायची, आणि 75 टक्क्यांपेक्षा कमी भरली तर ती गाठायला सलग किती तास बसावं लागेल ते सांगायचं. भाषा जावा. तिने 48 आणि 33 हे आकडे टाकले. स्क्रीनवर उत्तर आलं: 0.

"बघितलंत ना मॅडम? काही चुकलेलंही दिसत नाही, तरी शून्य."

मग तिने काय केलं, हे या भेटीतलं सगळ्यात उपयोगाचं निरीक्षण. आधी दोन ठिकाणचे कंस उगाच बदलले. मग सगळा कोड पुसून पुन्हा टाइप केला, शेजारी व्हिडिओ चालू ठेवून. एक ओळ ऐकायची, एक ओळ उमटवायची. पुन्हा शून्य. आदल्या आठवड्यात याच टप्प्यावर तिने एआयकडून कोड लिहून घेतला होता. त्याचं उत्तर बरोबर आलं, सबमिशन झालं, आणि व्हायवात 'इथे डबल का वापरलं?' या प्रश्नावर ती गप्प राहिली (डबल म्हणजे दशांशासकट आकडा ठेवणारा प्रकार). चार तास कुठे जात होते ते वडिलांनाही इथे दिसलं. बोटं चालत होती, पण पुढची ओळ काय असावी हे दर वेळी दुसरंच कुणीतरी ठरवत होतं.

लॅपटॉप मिटायला लावून कागद दिला. 48 पैकी 33, टक्के किती? मिनिटभरात 68.75. मग तिचीच ओळ कंप्युटर जशी सोडवतो तशी सोडवायला सांगितली, डावीकडून उजवीकडे. आधी 33 भागिले 48. दोन्ही पूर्णांक असले की जावा भागाकारही पूर्णांकातच देते आणि दशांश चिन्हानंतरचं सगळं टाकून देते. म्हणजे शून्य. शून्य गुणिले 100, पुन्हा शून्य. आधी 100 ने गुणून मग 48 ने भागलं तर 68 येतं. दोनपैकी एक आकडा डबल प्रकारात नेला की पूर्ण 68.75. व्हिडिओ होता पायथन या दुसऱ्या भाषेचा, आणि पायथन 3 मध्ये तीच ओळ दशांशासकट उत्तर देते. एका भाषेतली ओळ तिने दुसरीत जशीच्या तशी नेली होती, चूक एवढीच.

यानंतर दहा ओळींचा एक छापील प्रोग्राम दिला: लूपच्या, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाच्या, प्रत्येक फेरीनंतर कोणत्या व्हेरिएबलची (किंमत साठवणाऱ्या नावाची) किंमत किती, त्याचा तक्ता भरायचा. ही चाचणी कुठल्याही पालकाला शिक्षकांच्या मदतीने करून घेता येईल. तक्ता भरता आला नाही, तर व्हेरिएबल, अट आणि लूप हा पायाच कच्चा आहे. पुढचा अभ्यास थांबवून शिक्षकांकडून तो पक्का करून घ्यावा. तक्ता भरता येतो पण कोरी फाइल भरता येत नाही, तर सरावाची रीत चुकते आहे. दोन्ही येतं आणि तरी कंटाळाच येतो, तर मात्र आवडीबद्दल बोलायला बसावं. हिचा तक्ता अचूक होता.

ठरलं ते असं. आठवड्यातले पाच दिवस, रोज 45 मिनिटं. पहिली दहा मिनिटं एडिटर, म्हणजे कोड लिहायची खिडकी, बंद. काय घ्यायचं, काय करायचं, काय दाखवायचं ते वहीत मराठीत लिहायचं. व्हिडिओ बघायचाच तर दहा मिनिटांचा तुकडा बघून बंद करायचा आणि आठवून लिहायचं. अडलं तर वीस मिनिटं स्वतः झगडायचं. त्यानंतर एआयला विचारायला हरकत नाही, पण 'कोड दे' असं म्हणायचं नाही. 'या ओळीत नेमकं काय होतंय' एवढंच विचारायचं. एआयवर सरसकट बंदी घालणारे पालक भेटतात. ती बंदी फार दिवस टिकत नाही आणि मुलं लपवायला शिकतात.

शिवाय एरर-वही. तीन रकाने: संदेश काय आला, खरं कारण काय निघालं, सापडलं कसं. बहुतेक मुलं लाल अक्षरं दिसताच खिडकी बंद करतात, तीही तेच करायची. इंग्रजी संदेश सगळा समजायची गरज नसते. ओळीचा क्रमांक, चूक कोणत्या प्रकारची आणि अवतरणात दिलेलं नाव, एवढं शोधलं तरी पुष्कळ. त्यातही सगळ्यात वरची चूक आधी दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचं (कंपायलर म्हणजे कोड तपासून कंप्युटरला चालवता येईल अशा रूपात नेणारा प्रोग्राम), कारण एका निसटलेल्या कंसामुळे खाली दहा खोट्या चुका दिसू शकतात. क्रमांकावरही आंधळा विश्वास नको. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर जावाचा कंपायलर थेट फाइलच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो. कंस राहिलेला असतो कुठेतरी वर.

दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा टक्केवारी नीट येत होती आणि सलग किती तास बसायचं याचं उत्तर येत होतं 3. लाल अक्षर एकही नाही, म्हणून ती खूश होती. "तीन तास बसलीस तर झालेले तास किती होतील?" एवढंच विचारलं. तिने बोटांवर मोजलं, आणि चेहरा बदलला. हजर तास 33 चे 36 होत होते, पण 48 तसेच राहिले होते. लूपच्या आत दुसरा आकडा वाढवायचा राहून गेला होता. वाढवला तेव्हा उत्तर आलं 12, म्हणजे 60 पैकी 45. अशा चुकीला कंपायलर हरकत घेत नाही, त्यामुळे ती जास्त महागात पडते. उत्तर कागदावर आधी काढून मग स्क्रीनशी ताडून बघायचं, ही सवय तिथून लागली.

वडिलांशी वेगळं बोलणं झालं. "शेजारचा मुलगा शाळेपासून कोडिंग करतो" हे वाक्य घरात बंद करायला सांगितलं. तास मोजण्याऐवजी तिने आठवड्यातून एकदा स्वतःचा चालणारा प्रोग्राम त्यांना दाखवायचा, त्यांनी वाटेल ते आकडे टाकून तो बिघडवून बघायचा.

कोर्स कधीच बदलू नये असं नाही. सहा ते आठ आठवडे असा सराव करूनही चूक सापडल्यावर जराही बरं वाटत नसेल, तर विचार करावा. पण तोही बारकाईने: स्क्रीनची मांडणी आवडते आणि तर्क लिहिणं नकोसं वाटतं, की दुसऱ्याच्या प्रोग्राममधल्या चुका काढण्यात रस आहे, की डेटाबेसच्या तक्त्यांत मन रमतं? याच क्षेत्रात इंटरफेस डिझाइन, टेस्टिंग आणि डेटाबेसची स्वतंत्र कामं आहेत. नुसतं 'जमत नाही' म्हणून कोर्स बदलला, तर शिकण्याची तीच रीत नव्या वर्गातही सोबत जाते.

पुढच्या भेटीला एरर-वहीची सात पानं भरली होती. कोर्स बदलण्याचा विषय तिने काढला नाही. वडिलांनी झालेले तास शून्य आणि हजर तास शून्य टाकून प्रोग्राम बिघडवला होता. स्क्रीनवर आकड्याच्या जागी 'नॅन' आलं होतं, म्हणजे संख्याच नाही. ते का येतं, हे तिने आधीच शोधलं होतं. तिचा प्रश्न पुढचा होता:

"मॅडम, अजून एकही तास झालेला नाही, तर हजेरी शून्य टक्के दाखवायची की शंभर?"