पक्ष मोठा की घटना? चीनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एकच पक्ष राज्य करतो, तर चीनला राज्यघटना लागतेच कशाला?

उत्तर: लागते, आणि आजवर चार झाल्या: १९५४, १९७५, १९७८ आणि १९८२ (हीच आज लागू आहे). कम्युनिस्ट पक्षाचं धोरण बदललं की घटनाही बदलते. माओंच्या अखेरच्या काळातली १९७५ची घटना अवघ्या ३० कलमांची होती आणि तिच्यात राष्ट्राध्यक्षपदच नव्हतं. त्यामागची हकीकत आठवली की आजही अस्वस्थ व्हायला होतं. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओंनी विरोधकांविरुद्ध छेडलेल्या मोहिमेत, १९६७ साली, रेड गार्ड्सनी (माओसमर्थक तरुणांच्या जथ्यांनी) घेरलेले राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची घटनेची प्रत हातात धरून, आपण देशाचे राष्ट्राध्यक्ष आहोत, असं बजावत होते. १९५४च्या घटनेनुसार त्यांना पदावरून काढण्याचा अधिकार राष्ट्रीय लोक काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा. ती त्या काळात भरतच नव्हती. ऑक्टोबर १९६८ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीनेच त्यांना पक्षातून हाकललं आणि सगळी पदं काढून घेतली. वर्षभराने कैफेंग शहरात कैदेतच ते वारले.

प्रश्न: कलम ३५ मध्ये भाषणस्वातंत्र्य आहे. मग लोक कोर्टात दाद का मागत नाहीत?

उत्तर: मागून उपयोग नाही. घटनेचा अर्थ लावायचं काम कोर्टाचं नाही, लोक काँग्रेसच्या स्थायी समितीचं आहे. एकदाच दार किलकिलं झालं होतं. शांदोंग प्रांतातल्या एका मुलीच्या नावावर दुसरीनेच प्रवेश घेतला, शिकली, नोकरीलाही लागली. हा घटनेने दिलेल्या शिक्षणहक्काचा भंग आहे, असा अभिप्राय सर्वोच्च लोक न्यायालयाने २००१ मध्ये दिला. घटनेच्या अभ्यासकांना केवढी उमेद वाटली असेल! डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने तो अभिप्राय रद्द केला. कारण एका ओळीचं: तो आता वापरात नाही.

प्रश्न: २०१८च्या दुरुस्तीत फक्त शी जिनपिंग यांची मुदत वाढली ना?

उत्तर: राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच कार्यकाळ, ही अट गेली हे खरं. बाजूने २,९५८ मतं, विरोधात २. पण माझ्या मते पहिल्या कलमातली भर त्याहून गंभीर आहे. १९८२ साली पक्षाचं नेतृत्व फक्त सरनाम्यात ठेवलं होतं; आता ते थेट कलमात आलं. सगळे राजकीय पक्ष घटनेला बांधील आहेत, असं सांगणारं कलम ५ मात्र शब्दशः तसंच आहे.